हौसेने घडवलेली शो-कार विकायची तर

पहिला घेणारा आला तो खिशात रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊनच. त्याने ते बॉनेटवर टेकवलं, दारावर टेकवलं, मग डाव्या बाजूच्या मागच्या पत्र्यावर, खिडकीखालच्या रेषेत टेकवलं. आकडा आला ६४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कारखान्यातला मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. शोसाठीचा रंग बऱ्याच थरांचा, त्यामुळे माझ्या गाडीवर बाकी सगळीकडे ३०० च्या आसपास भरत होतं. इथे एकदम दुप्पट. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "ताई, इथे गाडी ठोकली होती का?"

ठोकली नव्हती. तिथे मुळात क्रोमची पट्टी होती. ती काढून तिची भोकं माझ्या धाकट्या भावाने एकेक टाका घालत वेल्डिंगने बुजवली होती, आणि त्यावर पुट्टीचा पातळ हात फिरवला होता. मी त्याला हे सगळं सांगितलं, पण दाखवायला त्या दिवशी माझ्याकडे एकही फोटो नव्हता. ते यंत्र पत्र्यापासून वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर सांगतं, एवढंच. मधे रंग आहे, कारागिरी आहे की दडवलेला अपघात, हे त्याला कळत नाही. "विचार करून कळवतो," असं म्हणून तो गेला आणि पुन्हा फिरकला नाही.

गाडी विकायला मला पुढे सात महिने लागले. त्यात जे शिकले त्याचं मूळ त्या ६४० मध्येच आहे. कस्टम, म्हणजे मूळ रूप बदलून आपल्या आवडीने घडवलेल्या, गाडीवरचं सगळ्यांत चांगलं काम डोळ्यांना दिसत नाही, कारण ते दिसू नये म्हणूनच केलेलं असतं. त्याचा पुरावा नसेल तर घेणारा ते संशयाच्या खात्यात टाकतो, आणि तसं करण्यात त्याची काही चूक नाही.

माझी गाडी म्हणजे १९७२ ची फोक्सवॅगन बीटल. कॅल-लुक पद्धतीने केलेली: बाहेरच्या पट्ट्या काढलेल्या, नाक खाली झुकलेलं, पुढचा अ‍ॅक्सल-बीम अरुंद केलेला, पुढे-मागे एअर-सस्पेंशन (स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर गाडी वर-खाली करणारी यंत्रणा), दोन कार्बोरेटरचं इंजिन आणि डाळिंबी कॅन्डी रंग. नऊ वर्षं आम्ही दोघं भावंडं तिच्यावर राबलो. मग माझा उजवा खांदा कामातून गेला. पॉवर-स्टीअरिंग नसलेली गाडी वळवताना तो इतका दुखायचा की मी ती बाहेर काढणंच सोडून दिलं. गाडी उभी राहिली की बिघडते. पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये राळ धरते, ब्रेक-ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, रबरी सील सुकतात. दुसऱ्या वर्षी मला कळून चुकलं की मी तिला सांभाळत नाही, झिजवते आहे. तुम्ही विकायचं ठरवताना हा प्रश्न स्वतःला लवकर विचारा. धावती गाडी विकणं आणि दोन वर्षं बंद पडलेली गाडी विकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अख्खी विकायची की सुटी

पहिल्या आठवड्यात मला सगळ्यांत जास्त विचारणा कशाची झाली असेल तर चाकांची. मग कार्बोरेटरची. सुटे भाग भराभर जातात आणि त्यांची बेरीज कधीकधी अख्ख्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते. पण मोह होण्याआधी मागे काय उरतं ते पाहा. माझ्याकडे उरलं असतं ते म्हणजे भोकं बुजवलेलं, डाळिंबी रंगाचं एक रिकामं कवच. मूळ रूपातली बीटल हवी असणाऱ्याला ते नको, आणि कस्टम हवी असणाऱ्याला त्यावर चाकं-इंजिन पुन्हा उभं करायचं नसतं.

इथे एक विभागणी करून घ्या: कोणते बदल परत फिरवता येतात आणि कोणते नाही. अरुंद केलेला पुढचा बीम चार बोल्टवर बसतो, म्हणजे मूळ बीम जपून ठेवला असेल तर तो पुन्हा बसवता येतो. एअर-सस्पेंशन काढता येतं. बुजवलेली भोकं आणि कापलेला पत्रा मात्र परत येत नाही. ही यादी कागदावर करा, कारण घेणारा ती मनात करतच असतो. मूळ भाग खोक्यांत घालून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून गाडीसोबत द्या. माझी मूळ चाकं, मूळ कार्बोरेटर, मूळ बीम आणि टॉर्शन-बार (मूळ सस्पेंशनच्या सळ्या) मी माळ्यावर ठेवले होते. ज्याने शेवटी गाडी घेतली तो म्हणाला की ती खोकी पाहून त्याच्या जिवात जीव आला.

मी अख्खीच विकली. तुमच्या गाडीवर सगळेच बदल बोल्टवर काढता येण्यासारखे असतील तर तिला मूळ रूपात आणून विकणं आणि भाग वेगळे विकणं हा चांगला रस्ता आहे. पण पत्र्याला हात लागला असेल तर मोडून विकू नका.

फाईल

हा भाग मनापासून करा. मला दीड महिना लागला आणि त्यातला एकही दिवस वाया गेला नाही.

सुरुवात ओळखीपासून. आधुनिक गाड्यांना १७ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. १९७२ च्या बीटलला १० आकडी. तो मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. सीट काढून त्याचा स्वच्छ फोटो घ्या आणि तो नोंदणीच्या कागदाशी आकडा-आकडा जुळवा. इंजिन बदललं असेल, रंग बदलला असेल, तर ते बदल तुम्ही राहता तिथल्या नियमांप्रमाणे कागदावर चढले आहेत का ते आधी तपासा. नसतील तर आधी चढवून घ्या, मगच जाहिरात. घेणाऱ्याने पैसे मोजायच्या वेळी कागदावर भलताच रंग निघाला की झालेला सौदा मोडतो.

मग कामाचा इतिहास. माझ्या जुन्या फोनमधले फोटो गेलेच होते, पण भावाने वेल्डिंग करताना त्याच्या एका मित्राने काढलेले सव्वीस फोटो त्या मित्राच्या संगणकावर सापडले. उघडा पत्रा, त्यावर ओळीने बुजवलेली भोकं, घासलेले टाके, त्यावरचा पुट्टीचा हात. तेवढ्या सव्वीस फोटोंनी गाडीची जातकुळी सिद्ध झाली. तुमची गाडी अजून घडत असेल तर आजपासून प्रत्येक थर झाकला जाण्याआधी त्याचा फोटो काढा आणि दोन ठिकाणी जपा.

पावत्या तारखेप्रमाणे लावा. काम कुणी केलं, ते लिहा. घरच्याने केलं असेल तर तेही लिहा. नंतर एक तांत्रिक पान करा, आणि त्यात विशेषणं नकोत. "जबरदस्त इंजिन" याने कुणाचा विश्वास बसत नाही. मी लिहिलं: पिस्टनचा व्यास ९०.५ मिलिमीटर, स्ट्रोक मूळचा ६९, म्हणजे १७७६ सीसी. जाणकार माणूस हा गुणाकार मनात करतो आणि पुढचं पान शांतपणे वाचतो. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, ते कोणत्या तारखेला घेतले, व्हॉल्व्हचं अंतर, इग्निशन टायमिंग, कार्बोरेटरचे जेट, सगळं तिथे. कॉम्प्रेशनच्या बाबतीत आकडा किती मोठा यापेक्षा चारही एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचं, म्हणून चारही द्या, नुसती सरासरी देऊ नका. टायरवरचा चार आकडी तारखेचा कोडही लिहा: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. शो-कारचे टायर घासलेले नसतात, पण जुने झालेले असतात, आणि नवा मालक ती गाडी रस्त्यावर पळवणार आहे.

आता ज्या पानाचा मला आजही अभिमान वाटतो ते पान. त्याचं नाव मी ठेवलं होतं "पुस्तकातला भाग इथे बसत नाही". १९७२ च्या बीटलची चाकं चार बोल्टवर बसतात, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १३० मिलिमीटर. माझ्या गाडीची पाच बोल्टवर आहेत. नव्या मालकाने गाडीचं साल सांगून भाग मागवला तर तो बसणार नाही. कस्टम गाडीत अशा वीस-पंचवीस जागा असतात: दुसऱ्याच गाडीचा अल्टरनेटर, मापाने कापून घेतलेली क्लच-केबल, बदललेला ऑइल-फिल्टर. या सगळ्या जागा तुमच्या डोक्यात असतात आणि तुम्ही गेलात की त्या माहितीसाठी गाडी अनाथ होते. प्रत्येक जागेसमोर कोणता भाग लागतो ते लिहा.

एअर-सस्पेंशनचं वायरिंग मी हाताने काढलं: कोणता फ्यूज, कोणता रिले, कोणत्या रंगाची वायर. हवेचा दाब ११० पीएसआयला उतरला की कॉम्प्रेसर सुरू होतो, १४५ ला थांबतो. आणि रंगाची कृती. कॅन्डी म्हणजे चंदेरी किंवा सोनेरी बेसवर पारदर्शक रंगाचे थर, त्यावर क्लिअर कोट. प्रत्येक थरागणिक रंग गडद होत जातो, त्यामुळे पुढे कधी एक दार रंगवायची वेळ आली तर थरांची संख्या चुकली की ते दार शेजारच्या पत्र्यापासून वेगळं उठून दिसतं. बेस कोणता, कॅन्डीचे थर किती, क्लिअरचे किती, हे लिहून दिलं नाही तर पहिल्या ओरखड्याला नवा मालक हतबल होईल.

कागदपत्रांना इतकं महत्त्व का, याचं एक मोठं उदाहरण आहे. १९५१ च्या मर्क्युरी गाडीवर १९५२ मध्ये कस्टम गाड्या घडवणारे अमेरिकी कारागीर जॉर्ज बॅरिस यांच्या कारखान्यात काम झालं, ते बॉब हिरोहाता या तरुण ग्राहकासाठी. ती 'हिरोहाता मर्क' पुढे हात बदलत, रंग बदलत एका शाळकरी मुलाकडे अवघ्या ५०० डॉलरला आली. त्याने ती कित्येक दशकं ठेवली आणि पुन्हा मूळ कस्टम रूपात, मूळ हिरव्या रंगछटांत उभी केली. जानेवारी २०२२ मध्ये लिलावात ती वीस लाख डॉलरच्या वर गेली. कुणी घडवली, केव्हा घडवली, नंतर कुणी काय बदललं, हे सगळं त्या गाडीबद्दल ठाऊक होतं. आपल्या गाड्यांना तसा भाव येणार नाही. पण आपल्या गाडीचाही घडवणारा कुणीतरी आहे, आणि त्याचं नाव कागदावर असायला हवं. माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर भावाचं नाव आहे.

किंमत

खर्चाची बेरीज एकदा करा, पाहा, आणि बाजूला ठेवा. ती परत येत नाही. मजुरी तर नाहीच येत. बीटल ही दुर्मिळ गाडी नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये तिने १,५०,०७,०३४ व्या गाडीसह फोर्ड मॉडेल टीचा उत्पादनाचा विक्रम मोडला, आणि २००३ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दोन कोटी पंधरा लाखांच्या जवळपास गाड्या बनल्या. म्हणजे माझ्या गाडीचं जे काही वेगळेपण आहे ते फक्त कामात आहे, आणि ते काम माझ्या आवडीचं आहे. घेणाऱ्याची आवड तीच असेल असं नाही.

मी असं केलं. त्याच सालची, मूळ रूपातली, चांगल्या अवस्थेतली गाडी प्रत्यक्षात कितीला विकली जाते ते पाहिलं. मागितलेली किंमत नव्हे, मिळालेली. त्यात सुट्या भागांची आजची वापरलेल्या मालाची किंमत मिळवली. पत्र्यावरच्या कामासाठी थोडं वर धरलं, आणि परत न फिरवता येणाऱ्या बदलांसाठी थोडं कमी केलं. आलेला आकडा माझ्या खर्चाच्या निम्म्याहून कमी होता. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तोच आकडा, घासाघिशीला थोडी जागा ठेवून, जाहिरातीत टाकला. ट्रॉफ्यांची किंमत वेगळी लावू नका. त्या फाईलमध्ये फोटोच्या रूपाने असू द्या.

विकण्याआधी काय दुरुस्त करायचं

सुरक्षेचं सगळं करा: ब्रेक, स्टीअरिंग, टायर, पेट्रोलची जुनी रबरी नळी. या इंजिनात पेट्रोलच्या नळीची गळती म्हणजे आगीला निमंत्रण, तिथे काटकसर नको. बॅटरी रात्रभर विसावल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते का ते पाहा. सस्पेंशनमध्ये हवा भरून चारही चाकांच्या कमानीची जमिनीपासूनची उंची संध्याकाळी टेपने मोजा आणि सकाळी पुन्हा मोजा. एखादा कोपरा खाली बसला असेल तर त्या बाजूच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात.

रंगाला हात लावू नका. पुढच्या बंपरखाली दगडाचे तीन टवके होते. भाऊ म्हणाला भरून टाकू. मी नको म्हटलं. ताजा रंग पाहिला की घेणारा त्याच्याखाली काय आहे ते शोधायला लागतो. हेच गाडीच्या पोटाबद्दल. विकण्याआधी खालून काळं अंडरकोटिंग मारून घेण्याची फार चाल आहे. बीटलमध्ये दाराखालचे हीटर-चॅनल (गरम हवेचे पोकळ मार्ग) आणि फ्लोअर-पॅन (तळाचा पत्रा) गंजतात, आणि जाणकार तिथेच बोटाने टकटक करून पाहतो. ताज्या काळ्या थराने तुमचा चांगला पत्राही संशयास्पद होतो. पोट धुवून, पुसून, आहे तसं दाखवा.

फोटो

कॅन्डी रंग भर उन्हात पेटतो आणि ढगाळ उजेडात खोल दिसतो. दोन्हीतले फोटो द्या, नाहीतर प्रत्यक्ष पाहणाऱ्याला वाटतं की रंग वेगळाच निघाला. गाडी सर्वांत खाली बसलेली आणि चालवायच्या उंचीवर असलेली, दोन्ही. लिफ्टवर घेऊन पोटाचे दहा तरी फोटो. प्रत्येक टवका आणि ओरखडा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

गार इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ न कापता घ्या. सुरुवातीला हात थेट इंजिनच्या टिनवर, म्हणजे त्याच्या पत्र्याच्या आवरणावर, ठेवून ते गार असल्याचं दाखवा, मग किल्ली फिरवा. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. नंबरप्लेट झाका, आणि घर किंवा गॅरेज ओळखू येईल असं मागे काही येऊ देऊ नका. फोटोतली स्थळाची नोंदही काढून टाका. अशी गाडी कुठे उभी असते हे सगळ्यांना कळणं बरं नव्हे.

येणारी माणसं

फोनवरच मी दोन गोष्टी विचारायचे: याआधी एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनची, गाडी चालवली आहे का, आणि ही कुठे उभी कराल. उत्तर 'नाही' असं आलं तरी चालेल, पण माणूस विचार करतो का ते कळतं. नुसता "शेवटचा भाव बोला" म्हणणाऱ्याला मी भाव सांगितला नाही.

आले की आधी दोष दाखवा. मी गाडीभोवती फिरताना टवक्यांपासून सुरुवात करायचे, मग ६४० ची जागा, मग ते सव्वीस फोटो. स्वतः यंत्र विकत घेतलं होतं. तेच त्यांच्या हातात द्यायचे. चक्कर मारताना पहिल्यांदा मी, म्हणजे खांद्यामुळे भाऊ, चालवायचा. दुसऱ्या फेरीला ते, पण परवाना आणि विमा पाहूनच. तुमच्या विम्यात दुसरा चालक चालतो का ते आधी विचारून घ्या.

पैशांच्या बाबतीत कठोर राहा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या बँकेने जमा झाल्याचं सांगितल्याशिवाय किल्ली, मूळ कागद, काहीही देऊ नका. कुणी चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा म्हणालं, तर तिथेच थांबा. मला तसा एक भेटला. लेखी करारात गाडी आहे त्या अवस्थेत विकली असं लिहा, आणि सोबत बदलांची व दोषांची यादी जोडून प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. मालकी बदलल्याची नोंद झाल्याचा कागद हाती येईपर्यंत विमा बंद करू नका.

गाडी जाताना

ट्रकवर चढवायला लांब, कमी उताराच्या फळ्या लागतात, नाहीतर नाक घासतं. बांधताना पट्टे टायरवरून घ्या. सस्पेंशनच्या किंवा बॉडीच्या आधाराने बांधलं आणि वाटेत हवा उतरली, तर गाडी खाली बसते, पट्टे सैल होतात आणि गाडी हलायला लागते. टायर धरून बांधलं की वर काहीही झालं तरी फरक पडत नाही. आमच्या वेळी ट्रकवाला दादा आधी अ‍ॅक्सलला हुक लावत होता. भावाने खाली वाकून त्याला दाखवलं आणि त्याने निमूटपणे पट्टे बदलले.

घेणारा एक शिक्षक होता. निघण्याआधी मी त्याच्याकडून गार इंजिन तीन वेळा सुरू करून घेतलं: पेडल दोनदा दाबायचं, सोडायचं, मग किल्ली, आणि पहिलं मिनिटभर पायाने सांभाळायचं. या कार्बोरेटरना चोक नाही. पहिल्यांदा बंद पडली, दुसऱ्यांदा बंद पडली, तिसऱ्यांदा टिकली. मी फाईल त्याच्या हातात दिली आणि माझा नंबर आतल्या पानावर लिहिला. पहिले दोन-तीन महिने फोन घ्यायचा, हे मी सौद्याचाच भाग धरलं होतं.

चौथ्या दिवशी फोन आला. "ताई, कॉम्प्रेसर थांबतच नाही." मी म्हटलं, आधी त्याचा फ्यूज काढा, नाहीतर मोटर जळेल, आणि मग मागच्या डाव्या जोडाला साबणाचं पाणी लावा. ट्रकमध्ये हादरे बसून तोच सैल झाला असणार. वीस मिनिटांनी त्याने बुडबुड्यांचा फोटो पाठवला. किती नंबरचा पाना लागेल, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, फाईलमध्ये आहे, वायरिंगच्या मागच्या पानावर.